सर्व जीवांच्या सुखासाठी : पवनीच्या टेकड्यांवरील दानाची अक्षरे

नागपूरकर कुटुंबांना उमरेडचा रस्ता अलीकडे चांगलाच परिचयाचा झाला आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पहाटेच गाड्या त्या दिशेला धावू लागल्या. मुलांना वाघ दाखवावा, दुपारपर्यंत परतावे, हा आता अनेक घरांचा परिपाठ झाला आहे. त्या अभयारण्याच्या नावात मधोमध असलेल्या पवनीकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. वाघ पाहण्यासाठी इतक्या जवळ गेलेली मंडळी आणखी थोडे पुढे गेली, तर सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या एका भरभराटीच्या नगराच्या तटाशी पोहोचतील.

पवनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरपासून सुमारे ८० किलोमीटर. उमरेड, मिरचीसाठी प्रसिद्ध असलेले भिवापूर आणि तेथून पुढे वैनगंगेचा काठ, असा हा मार्ग. नदीकाठच्या घाटांमुळे आणि मंदिरांच्या दाटीमुळे या गावाला ‘विदर्भाची काशी’ असे म्हणण्याची पद्धत आहे. वैजेश्वराच्या दर्शनाला येणारे भाविक पुष्कळ. परंतु गावाच्या कडेला असलेल्या ज्या मातीच्या टेकड्यांसाठी पवनीचे नाव भारतीय इतिहासाच्या ग्रंथांत गेले, त्या टेकड्यांकडे वळणारी पावले विरळाच.

आता कोणी विचारील, की या टेकड्यांमध्ये बौद्ध स्तूपांचे अवशेष आहेत. मग जैन कुटुंबांनी तेथे जाऊन काय पाहावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर टेकडीच्या आकारात नसून, तेथील दगडांवर सामान्य गृहस्थांनी कोरविलेल्या छोट्या छोट्या ओळींत आहे. दान देणारा समाज म्हणून आपली जी ओळख आहे, तिची फार जुनी भावंडे त्या ओळींत भेटतात.

तट आणि नदी

प्राचीन पवनीची रचना समजून घेण्यास फार परिश्रम पडत नाहीत. एका बाजूला वैनगंगेचे पात्र आणि उरलेल्या तीन बाजूंना मातीचा उंच तट, अशी ही वसाहत होती. नदी हाच चौथा तट. या तटाचे भाग आजही दिसतात. त्यावर झाडे वाढली आहेत आणि वर्षानुवर्षांच्या पावसाने माती घसरली आहे. तरीही एवढे मोठे काम करणाऱ्या नगराकडे मनुष्यबळ, धान्य आणि द्रव्य यांची वाण नसावी, हे पाहताक्षणी पटते. व्यापारी घरातील माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. जिथे राखण्यासारखे काही असते तिथेच भिंत उभी राहते.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. त्या उत्खननाचा वृत्तान्त १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विदर्भाच्या इतिहासाला एक भक्कम पाया मिळाला. तोपर्यंत या प्रदेशाचा प्राचीन इतिहास म्हटला, की बहुधा वाकाटकांपासून, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापासून प्रारंभ होई. पवनीने तो आणखी पाच-सहाशे वर्षे मागे नेला. मौर्यकाळापासून सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळापर्यंत येथे लोक नांदत होते, हे मातीच्या थरांनी, भांड्यांनी आणि नाण्यांनी सांगितले.

टेकड्यांच्या पोटातील स्तूप

जगन्नाथ टेकडी, सुलेमान टेकडी आणि हरदोलाला टेकडी अशी या टेकड्यांची नावे. नावांतच एक इतिहास दडला आहे. ज्या उंचवट्याच्या पोटात बौद्ध स्तूप होता, त्याला पुढील काळातील लोकांनी एके ठिकाणी जगन्नाथाचे नाव दिले, दुसरीकडे सुलेमानाचे. मूळ वास्तू विस्मरणात गेली, परंतु जागा पूज्य आहे ही जाणीव उरली.

बालसमुद्र तलावाजवळच्या जगन्नाथ टेकडीत सापडलेल्या स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मीटर आहे, तर चांडकापूरच्या सुलेमान टेकडीतील स्तूपाचा सुमारे ४१ मीटर. सांचीचा प्रसिद्ध महास्तूप साधारण साडेछत्तीस मीटर व्यासाचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पवनीच्या वैभवाची कल्पना येते. वैनगंगेच्या काठच्या या नगराने सांचीहून विस्तृत असे दोन स्तूप उभारले होते. सांचीला आज देशोदेशींचे प्रवासी येतात; पवनीला शेजारच्या नागपूरचे लोकही क्वचितच येतात.

टेकडीवर उभे राहिल्यास अखंड वास्तू दिसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. सांचीसारखी तोरणे, कमानी यांची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची निराशा होईल. येथे दिसतो तो मातीचा विस्तीर्ण उंचवटा. बाकीचे डोळ्यांपुढे आणावे लागते. मध्ये घुमटाकार स्तूप, त्याभोवती प्रदक्षिणेचा मार्ग आणि त्या मार्गाला दगडी कठडा, ज्याला वेदिका म्हणतात. वेदिकेचे तीन घटक असतात: उभे स्तंभ, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सूची आणि सर्वांवरून जाणारा उष्णीष नावाचा दगड. एका कठड्यासाठी असे कितीतरी दगड लागत. ते सर्व एखाद्या राजाने एका आज्ञेने आणविले नाहीत. कोणी एक स्तंभ दिला, कोणी एक सूची दिली, कोणी उष्णीषाचा एक तुकडा दिला. ज्याने जे दिले, त्याचे नाव त्या दगडावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरले गेले.

आपल्या मंदिरांची उभारणी आठवून पाहावी. कोणी पायरीचा लाभ घेतो, कोणी खांबाचा, कोणी शिखरावरील ध्वजेचा. ज्याची जशी शक्ती, तसा त्याचा वाटा. पवनीच्या कठड्याची रीत याहून निराळी नव्हती.

विसमितेची एक ओळ

पवनीच्या या दानलेखांपैकी एक लेख अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा उल्लेखिला आहे. तो अवघ्या काही शब्दांचा आहे. ‘विसमिता’ या नावाच्या व्यक्तीचे हे दान असून ते सर्व सत्त्वांच्या, म्हणजे सर्व जीवांच्या, सुखासाठी असो, एवढाच त्याचा आशय. नावाच्या प्राकृत रूपावरून ही दात्री स्त्री असावी.

लेखाचा काळ इसवी सनापूर्वीचा. त्यात राजाचे नाव नाही, वंशावळ नाही, दान किती मोलाचे त्याचा उल्लेख नाही. आपल्याला पुत्र व्हावा, व्यापारात बरकत यावी, स्वर्ग मिळावा, असे काही मागितलेले नाही. दगड दिला, स्वतःचे नाव सांगितले, आणि त्या पुण्याचा वाटा अखिल जीवसृष्टीच्या नावे जमा केला. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर नावे पडले ते विसमितेच्या खात्यावर, आणि जमा झाले ते सर्वांच्या.

या छोट्या ओळीचे महत्त्व विद्वानांच्या दृष्टीने मोठे आहे. आपल्या सत्कर्माचे फळ सर्व जीवांना लाभो ही भावना पुढील काळातील ग्रंथांत विस्ताराने आढळते. पण विदर्भातील एका गृहस्थ घरातील स्त्री ती भावना इतक्या आधी दगडावर कोरवून ठेवते, यावरून ही केवळ पंडितांची कल्पना नव्हती, ती घराघरांत रुजलेली होती, असे अनुमान करता येते.

पवनीत आणखीही पाहण्यासारखे पुष्कळ मिळाले. एका शिल्पात वृक्षाखालील आसनावर पाच फणांचा नाग दाखविला असून त्यावर ‘नाग मुचरिंद’ असे नाव कोरले आहे. बुद्धांवर पाऊस पडू नये म्हणून फणा पसरणाऱ्या नागराजाची ती कथा. मूर्ती घडविण्याची प्रथा अद्याप रूढ व्हायची होती. म्हणून तेथे बुद्धांचे रिकामे आसन दिसते आणि रक्षणकर्ता नाग दिसतो. भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकावरील धरणेंद्राच्या फणा ज्यांनी लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्यांना हे शिल्प पाहताना परकेपणा वाटणार नाही. दोन्ही परंपरांच्या कथा वेगळ्या, त्यांचे तत्त्वज्ञान वेगळे. परंतु उपसर्गाच्या वेळी छत्र धरणारा नाग या भूमीच्या कल्पनेत फार खोल रुजलेला आहे.

पवनीतच ‘महाक्षत्रप कुमार रूपिअम्म’ याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ मिळाला. लेखात त्याला ‘छाया-खंभ’ म्हटले आहे. दिवंगत व्यक्तीची आठवण दगडात राखण्याची ही रीत आपल्याकडील निषिधींच्या जवळची आहे. या लेखाचे वाचन करून त्याचा अर्थ उलगडण्यात नागपूरच्याच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा मोठा वाटा होता. विदर्भातील ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यात त्यांनी आयुष्य वेचले.

मथुरेची साक्ष

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. जैन कुटुंबाला पवनी का जवळची वाटावी?

पहिली गोष्ट अशी, की स्तूप ही केवळ बौद्धांची वास्तू नव्हती. मथुरेच्या कंकाली टीला येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या उत्खननांत जैन स्तूपाचे अवशेष मिळाले. तेथील एका लेखात तर त्या स्तूपाला ‘देवनिर्मित’ म्हटले आहे. म्हणजे त्या काळीही तो इतका जुना होता, की तो कोणी बांधला हे लोकांच्या स्मरणात उरले नव्हते. वेदिका, स्तंभ, सूची, प्रदक्षिणामार्ग ही रचना तेथेही होतीच. आज आपल्या पूजाविधीत स्तूप उरला नाही. त्यामुळे आपल्या पूर्वजांचे ते एक पूजास्थान कसे असेल, हे समजण्यासाठी पवनीसारखी जागा साहाय्यभूत ठरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मथुरेचे जैन लेख म्हणजे व्यापारी आणि कारागीर श्रावक-श्राविकांची जणू वहीच आहे. तेथे धर्मसोमा नावाची सार्थवाहाची पत्नी भेटते. सार्थवाह म्हणजे तांड्यांचा प्रमुख, दूरदेशी माल नेणारा व्यापारी. तेथे लोखंडाचा व्यापार करणाऱ्याचे घर भेटते, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गांधिकाचे कुटुंब भेटते. गोव नावाच्या लोहकाराने दिलेली सरस्वतीची मूर्ती तेथेच मिळाली. उपलब्ध सरस्वती-मूर्तींमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. आणि यांपैकी कित्येक लेखांचा शेवट कसा होतो? सर्व सत्त्वांच्या हितासाठी आणि सुखासाठी. पवनीच्या विसमितेने जे लिहविले, तेच मथुरेच्या श्राविकांनी लिहविले. पंथ भिन्न, नगरे शेकडो कोस दूर, काळातही अंतर. पण दान देताना ओठांवर आलेली प्रार्थना एकच.

या लेखांनी जैन समाजावर केलेला उपकार आपण सहसा ध्यानात घेत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील काही विद्वान जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत होते. हर्मान याकोबी यांनी १८७९ मध्ये कल्पसूत्राची आवृत्ती सिद्ध करताना ग्रंथांच्या आधारे हे मत खोडून काढले. परंतु ग्रंथांतील परंपरा कितपत विश्वसनीय, ही शंका उरलीच होती. गेओर्ग ब्यूलर यांनी मथुरेचे लेख वाचले, तेव्हा त्यांत दात्यांच्या गुरूंचे गण, कुल आणि शाखा यांची नावे आढळली. ती नावे कल्पसूत्राच्या स्थविरावलीतील नावांशी जुळली. पर्युषणात आपण जी स्थविरावली श्रद्धेने ऐकतो, तिला दगडाची साक्ष मिळाली. ही साक्ष कोणा राजाच्या प्रशस्तीने दिली नाही. दान देताना आपल्या गुरूचे नाव सांगण्यास न विसरलेल्या साध्या श्रावक-श्राविकांनी ती दिली.

दूरदेशीची फरशी

ही रीत भारतापुरती मर्यादित नाही. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर निकोपोलिस नावाच्या नगराचे भग्नावशेष आहेत. इ.स.पू. ३१ मधील ॲक्टियमच्या विजयानंतर रोमचा सम्राट ऑगस्टस याने ते वसविले. पाचव्या-सहाव्या शतकांत तेथे ख्रिस्ती धर्माची अनेक प्रार्थनागृहे उभी राहिली. त्यांना ‘बॅसिलिका’ म्हणतात. गंमत अशी, की बॅसिलिका हा शब्द मूळचा धर्माचा नाहीच. रोमन नगरांत न्यायनिवाडा आणि व्यापारी व्यवहार ज्या लांबट, खांबांच्या दालनात चालत, त्याला हे नाव होते. व्यवहाराच्या दालनाचा आकार पुढे प्रार्थनेच्या घराने उचलला. निकोपोलिसला जाणाऱ्यालाही पवनीप्रमाणेच तटाच्या भिंती, कोसळलेले खांब आणि पायांखालील रंगीत दगडांची नक्षीदार फरशी पाहून उरलेले मनाने जोडावे लागते.

या फरश्यांमध्ये दात्यांची नावे विणण्याची प्रथा त्या काळी भूमध्य समुद्राच्या काठी सर्वत्र होती. इटलीतील ग्रादो येथील सहाव्या शतकातील प्रार्थनागृहात तर कोणी किती फूट फरशी करून दिली, याचा आकडा नावापुढे नोंदविलेला आहे. अमुक कुटुंबाने इतके फूट, तमुकाने तितके फूट. हिशेबाची ही चोख रीत आपल्या वाचकांना नवी वाटू नये! माणूस कोणत्याही देशाचा असो, पवित्र वास्तूत आपलाही एक दगड, एक फूट जागा असावी, ही त्याची इच्छा सारखीच असते.

देवटेकची शिळा

पवनीच्या परिसरातील आणखी एक वस्तू जैन वाचकाने आवर्जून जाणून घ्यावी अशी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडच्या परिसरात देवटेक नावाचे गाव आहे. तेथे एक मोठी शिळा मिळाली. तिच्यावर मौर्यकालीन ब्राह्मी लिपीत एक राजाज्ञा कोरलेली आहे. प्राण्यांना पकडू नये व मारू नये, असा तिचा आशय. या शिळेचा अभ्यासही मिराशींनी केला. पुढे काही शतकांनी त्याच शिळेवर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळचा, एका धर्मस्थानाविषयीचा लेख कोरला गेला. आज ही शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे.

अमारी-घोषणा म्हटली की आपल्याला गुजरातचे महाराज कुमारपाल आठवतात, किंवा हीरविजयसूरींच्या उपदेशाने पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्या थांबविणारी अकबराची फर्माने आठवतात. परंतु आपल्या विदर्भाच्या भूमीवर, नागपूरपासून एका दिवसाच्या अंतरात, त्यांच्याही कितीतरी शतके आधी अभयदानाची आज्ञा दगडावर कोरली गेली होती, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवी. शहराच्या मध्यवस्तीतील ज्या संग्रहालयाला लोक ‘अजब बंगला’ म्हणतात, ते १८६३ मध्ये स्थापन झाले. मुलांना हत्तीचा सांगाडा आणि जुनी शस्त्रे दाखविण्यासाठी आपण तेथे नेतो. पुढच्या वेळी या शिळेपुढेही क्षणभर थांबावे.

आपल्या मंदिरांतील अक्षरे

पवनीहून परतताना मनात सर्वांत आधी येणारा विचार आपल्या घराचाच असतो. विसमितेची ओळ मातीखाली दोन हजार वर्षे सुरक्षित राहिली. आपल्या मंदिरांतील अक्षरांचे काय?

आपल्या धातूच्या पंचतीर्थी आणि चोवीशी यांच्या पाठीमागे लेख असतात. संवत, मास, तिथी, वार. मग ज्ञाती, श्रेष्ठीचे नाव, त्याच्या पत्नीचे, पुत्रांचे नाव. कोणाच्या श्रेयासाठी बिंब भरविले ते. आणि शेवटी गच्छ व प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव. दिगंबर प्रतिमांच्या आसनावर मूलसंघ, गण, गच्छ आणि भट्टारकांचे नाव येते. एका कुटुंबाचा चार ओळींचा इतिहासच तो. आई-वडिलांच्या श्रेयासाठी मुलांनी बिंब भरविले, असे वाचताना पाचशे वर्षांपूर्वीचे ते घर डोळ्यांसमोर उभे राहते.

या ओळींचे मोल समजण्यासाठी एकच उदाहरण पुरे. शाह जीवराज पापडीवाल या श्रेष्ठीने मुडासा नगरात भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते हजारो जिनबिंबांची प्रतिष्ठा करविली आणि ती देशभरातील मंदिरांना पाठविली. त्या प्रतिमांवर संवत १५४८, म्हणजे इ.स. १४९१च्या सुमाराचा लेख असतो. त्या आजही देशाच्या निरनिराळ्या भागांतील दिगंबर मंदिरांत आढळतात, विदर्भातही आढळतात. एका व्यापाऱ्याच्या उदारतेचा हा विस्तार आपल्याला कळला, तो केवळ आसनांवरील त्या छोट्या अक्षरांमुळे. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक सम्प्रदाय’ हा ग्रंथ १९५८ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रकाशित झाला. कारंजा येथील सेनगण आणि बलात्कारगण यांच्या पीठांसह भट्टारकांच्या परंपरांचा इतिहास त्यांनी उभा केला, तोही पट्टावल्या, ग्रंथप्रशस्ती आणि असे प्रतिमालेख एकत्र करून.

आणि आपण काय करतो? नित्य प्रक्षालाने, वाळाकुंचीच्या घर्षणाने अक्षरे थोडी थोडी झिजतात. तो भक्तीचा परिणाम आहे, त्याला इलाज नाही. परंतु झिजण्यापूर्वी लेखाची नक्कल उतरवून ठेवणे आपल्या हाती आहे. त्याहून मोठी हानी जीर्णोद्धारात होते. जुनी शिळा काढून तेथे नवा चकचकीत संगमरवर बसविला जातो. जुन्या शिळेवर काय लिहिले होते हे कोणी पाहत नाही आणि तो दगड बांधकामाच्या राडारोड्यात जातो. नव्या लाभार्थींची नावे मोठ्या अक्षरांत येतात, जुन्या लाभार्थींची कायमची पुसली जातात. ज्यांच्या पुण्याने मंदिर उभे राहिले, त्यांचेच खाते आपण फाडून टाकतो. व्यापारी घरात जुनी वही अशी कोणी टाकतो का?

गुप्तदान श्रेष्ठ, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते आणि ते योग्यच आहे. नावाचा मोह हा कषायच. तथापि नाव कोरण्याच्या प्रथेला दुसरीही बाजू आहे, ती पवनी आणि मथुरा दाखवितात. विसमितेने नाव दिले नसते, तर त्या काळच्या स्त्रियांच्या हाती दान देण्यासाठी स्वतःचे द्रव्य होते, हे आपल्याला कसे कळले असते? धर्मसोमेने आणि तिच्यासारख्यांनी आपल्या गुरूंची नावे लिहविली नसती, तर स्थविरावलीला साक्ष कोणी दिली असती? नावात दोष नाही. नावाशेजारी काय लिहिले आहे, यावर सारे अवलंबून असते. आजच्या आपल्या फलकांवर प्रतिष्ठानाचे नाव असते, गावाचे असते, कधी रकमेचा आकडाही असतो. ‘सर्व जीवांच्या हितसुखासाठी’ हे शब्द मात्र क्वचित आढळतात. ते लिहिण्यास ना अधिक द्रव्य लागते, ना अधिक जागा.

म्हणून प्रत्येक संघाच्या विश्वस्त मंडळाला एक नम्र सुचवण. मंदिरातील प्रत्येक प्रतिमेच्या आणि शिळेच्या लेखाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे. कोणत्या प्रतिमेवर, कोठे लेख आहे, त्याची क्रमवार नोंद ठेवावी. जुनी देवनागरी वाचू शकणारे साधू-साध्वीजी चातुर्मासानिमित्त विराजमान असतील, तर त्यांच्या मार्गदर्शनाखाली पाठशाळेतील मुलांनी या लेखांच्या नकला कराव्यात. जीर्णोद्धार करताना जुनी लेखयुक्त शिळा भिंतीत दर्शनी जागी बसवावी. या कामाला फंड लागत नाही. एका चातुर्मासाचा सवडीचा वेळ पुरतो.

जाणाऱ्यांसाठी थोडे

पवनीला जाण्यासाठी पावसाळा संपल्यानंतरचे, थंडीचे दिवस उत्तम. उन्हाळ्यात वैदर्भीय ऊन टेकडीवर उभे राहू देत नाही. आधी एखाद्या रविवारी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जावे, देवटेकची शिळा आणि विदर्भातील इतर प्राचीन शिल्पे पाहावीत. म्हणजे टेकडीवर गेल्यावर डोळ्यांना काय शोधावे हे कळते. सकाळी लवकर निघाल्यास तट, टेकड्या, बालसमुद्र आणि नदीचा घाट एवढे दुपारपर्यंत शांतपणे पाहून होते. उकळलेले पाणी आणि फराळाचा डबा बरोबर असावा, म्हणजे जेवणाची विवंचना राहत नाही आणि चौविहाराच्या आधी घरी परतता येते. टेकडीवरील वीट, खापर किंवा दगडाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. गवतात आणि मातीत असंख्य जीव असतात. पाऊल जपून टाकावे. जवळच गोसीखुर्दचे मोठे धरण आहे. मुलांना ते पाहण्याची इच्छा होणारच.

घरातील वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर टेकडीच्या सावलीत बसून त्यांना मुलांपुढे एक प्रश्न विचारावा: आपल्या कुटुंबाने सर्वांत पहिले दान कोठे आणि कशासाठी दिले? एखाद्या गावच्या मंदिराची पायरी असेल, पांजरपोळातील चाऱ्याची गंजी असेल, रस्त्यावरची पाणपोई असेल. उत्तर मिळाले, तर ते त्याच दिवशी घरच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. आणि त्याखाली विसमितेचे ते शब्दही लिहावेत, की हे सर्व जीवांच्या सुखासाठी असो.